डबा रिकामा परत करायचा नसतो

आम्हाला मते फार आहेत. शिक्षकाला ती असावीच लागतात, हेही आमचे एक मत. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, बी.एड. झालो आहोत, वय पस्तिशी ओलांडलेले. म्हणजे मते तयार व्हायला जी सामग्री लागते ती सगळी आमच्यापाशी आहे. राजकारणावर आणि क्रिकेटवर बोलायला गल्लीत माणसे पुष्कळ आहेत, म्हणून तो प्रांत आम्ही त्यांना सोडून दिला आहे. आमची मते मुख्यतः सणासुदीच्या खाण्याविषयी असतात. आणि कोल्हापुरात राहून खाण्याविषयी मत नाही, असा माणूस अजून आमच्या पाहण्यात नाही.

शिरखुर्म्यापासूनच सुरुवात करू. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. दोन्ही शब्द फारसी. हे एकदा वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, फिर सेवइयां किधर गए?" प्रश्न बिनतोड होता. शेवयांचे नाव नावातच नाही! तेव्हापासून आमचे पक्के मत झाले की शिरखुर्म्यात शेवयांनी पाहुण्यासारखे राहावे, घरमालकासारखे नव्हे. दुधात त्या इकडेतिकडे तरंगताना दिसल्या की पुरे. शिरखुर्मा वाटी तोंडाला लावून पिता आला पाहिजे. ज्यात चमचा उभा राहतो ती शेवयांची खीर. तीही चांगली असते, पण तिला तिच्या नावाने हाक मारावी.

दुसरे मत साखरेविषयी. खारीक गोड, दूध आटले की तेही गोड. मग मुठीमुठीने साखर कशाला? तिसरे मत दुधाविषयी. चाँदरातीला आम्ही पातेले घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जातो. तिथे म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात, आणि फेसासकट दूध भांड्यात पडते. पिशवीतल्या दुधाशी आमचे वैर नाही, वर्षाचे बाकीचे दिवस तेच पितो. पण ईदचे दूध कोमट हाताला लागले पाहिजे. आमचा नेहमीचा म्हैसवाला आम्हाला बघून म्हणतो, "गुरुजी, उद्या ईद न्हवं? मग पाच लिटरनं काय हुतंय?" आणि मापावर आणखी थोडे ओततो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची वाटी कट्ट्यावर पोचती होते. त्याचेही एक मत आहे. त्याच्या मते आम्ही साखर कमी घालतो.

ही सगळी मते आम्ही वर्षानुवर्षे खुर्चीत बसून देत होतो. लग्नानंतरच्या पहिल्या चाँदरातीला आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, खारीक उभी चिरावी की आडवी यावर बोलत होतो. बेगमने विळी पुढे सरकवली आणि म्हणाली, "तुमारे पास मतां भौत हैं जी. हातां कित्ते हैं?"

अम्मी हसली नाही, पण तिने पाट पुढे केला.

त्या रात्री अर्धा किलो भिजवलेली खारीक आम्ही चिरली. बिया काढायच्या, पातळ काप करायचे, बोटे चिकट होतात, विळीवर बसून गुडघे बोलायला लागतात. नंतर बदाम सोलायचे, पिस्ते कापायचे, चारोळी निवडायची. बी.एड.ला 'कृतीतून शिक्षण' या विषयावर आम्ही चार पाने उत्तर लिहिले होते. त्याचा अर्थ त्या रात्री दीड वाजता कळला. आणि हेही कळले की अम्मी हे काम चाळीस वर्षे करते आहे. ईदच्या दिवशी ती कधी जेवते, हे आम्हाला सांगता आले नसते. आम्ही दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगच्या पटांगणावर नमाज पढून, गळाभेटी घेऊन, नवे कपडे मिरवत घरी येतो तेव्हा ती चुलीपाशी असते, आणि पाहुणे निघून गेले तरी तिथेच असते. आता खारीक आमच्याकडे आहे. मते निम्म्यावर आली.

मुस्लिम बोर्डिंगचे नाव आले म्हणून सांगतो. ते शाहू महाराजांच्या पुढाकारातून १९०६ साली उभे राहिले. मुसलमानांची पोरे शिकावीत म्हणून या शहराच्या राजाने शंभरावर वर्षांपूर्वी धडपड केली. आमच्यासारखे मास्तर त्याच धडपडीच्या पोटी जन्मले आहेत, असे आम्ही मानतो. ईदची नमाज झाली की त्याच पटांगणावर शहरातली सर्व जातिधर्मांची मंडळी मुबारकबाद द्यायला येतात. तिथून घरी आलो की वाट्यांचे काम सुरू होते.

वाट्यांचे काम म्हणजे शिरखुर्मा घरोघर पोचवणे. यादी अम्मीच्या बोटांवर असते. आमच्या लहानपणी चौदा घरे होती. मागच्या भिंतीकडचे, समोरचे, पिठाच्या गिरणीवाले, कोपऱ्यावरचे. या घरांतून आमच्याकडे काय येई त्याची यादी त्याहून मोठी. दिवाळीला चकली, करंजी, कडबोळी, चिवडा. होळीला पुरणपोळी आणि बरोबर कटाची आमटी. संक्रांतीला तिळगूळ. आणि आमच्याकडून मोहरमला चोंगे जात. कणकेत कोल्हापुरी गूळ आणि खोबरे घालून, नक्षी उठवून केलेले. करंजीविषयी आमचे मत असे की तिच्यात सारण इतके भरावे की ती हातात जड लागावी. चकलीविषयी मत असे की ती अम्मीला कधीच जमली नाही. हे मत आम्ही घरात मांडत नाही.

या देवाणघेवाणीत एकच कायदा होता. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो. काही नसेल तर चार केळी घाला, मूठभर साखर घाला, पण रिकामा देऊ नका. हा कायदा कुणी लिहिला ठाऊक नाही. आमच्या घरात तो होता आणि काकूंच्या घरातही होता.

आपले सण शेजाऱ्यांच्या सणांत कसे फिरत जातात, हे आम्ही पोरांना फळ्यावर काढून दाखवतो. चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. म्हणून आपला प्रत्येक सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. हिंदू पंचांगही चंद्रावरच चालते, पण त्यात मधूनमधून अधिक महिना घालून हिशेब ऋतूशी जुळवून घेतात. त्यामुळे दिवाळी थंडीच्या तोंडाशी ठरलेली, आणि ईद मात्र कधी उन्हाळ्यात तर कधी पावसात. जणू ईदच एकेका सणाच्या घरी भेटीला जाते. २००४, २००५ आणि २००६ अशी तीन वर्षे रमजान ईद आणि दिवाळी एकाच आठवड्यात आल्या. तेव्हा आम्ही शाळा-कॉलेजात होतो, आणि डबे जिन्यात एकमेकांना ओलांडून जात. २०१८ पासून तीन वर्षे मोहरम आणि गणपती बरोबर आले. गल्लीत मोदक आणि चोंगे एकाच ताटात दिसले. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला. एकच घर सलग दोन दिवस गोड खात होते, आणि मधुमेहाच्या डॉक्टरांनी काय केले असेल ते तेच जाणोत.

आता जरा अवघड प्रश्नाकडे वळू. मागे दिवाळीच्या सुटीनंतर एका पोराने वर्गात विचारले, "सर, दिवाली का फराल खाना चलता क्या?" त्याला कुणीतरी चालत नाही म्हणून सांगितले होते. असे प्रश्न हल्ली वाढलेत. चोंगे करावेत का, मलिदा करावा का, यावर आपल्यात दोन मते आहेत, आणि दोन्ही बाजूंना आमच्या ओळखीची भली माणसे आहेत. आम्ही मुफ्ती नाही, बी.एड. आहोत. धर्माचा निकाल देणे आमच्या पगारात बसत नाही. पण 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' जावे असे आम्हाला शिकवले आहे, म्हणून आम्ही त्यालाच विचारले, "डबा किसने दिया?"

"बाजू की आजी ने."

"आजी तुझे क्या बोलती?"

"मेरा बच्चा बोलती."

मग आम्ही त्याला हजरत अबूजर यांना पैगंबरसाहेबांनी (स.) केलेला उपदेश सांगितला. रस्सा शिजवताना पाणी थोडे वाढवावे आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी, अशा अर्थाचा. तिथे शेजारी कोण, त्याचा मजहब कोणता, अशी चौकशी नाही. पूजेतला प्रसाद घ्यावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे, तो घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावा. पण आजीने 'मेरा बच्चा' म्हणून दिलेली चकली ही चकलीच आहे. पोराला ते पटले असावे, कारण त्याने लगेच पुढचा प्रश्न विचारला, "सर, इसलिए कोल्हापूर का पांढरा रस्सा पतला रहता क्या?" आम्ही त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

असे उपदेश करणारे आम्ही स्वतः कसे वागलो, ते आता सांगायला हवे. त्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहोत.

२०२३ सालची रमजान ईद २२ एप्रिलला आली. त्याच दिवशी अक्षय्य तृतीया होती. भिंतीपलीकडच्या काकूंनी सकाळीच आमरस पाठवला, झाकणावर त्यांचे आडनाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात. त्यांच्याकडे आमच्या वाटीतून शिरखुर्मा गेला. डबा आमच्याकडे राहिला. अम्मी म्हणाली, "डब्बा दे को आ." आम्ही म्हणालो, रिकामा कसा द्यायचा, काहीतरी घालून देतो. मग सुटी लागली. अम्मी खालाकडे मिरजेला गेली. परत आली आणि पुन्हा म्हणाली. आम्ही पुन्हा म्हणालो, देतो. कायदा पाळायच्या नावाखाली आम्ही आळस करत होतो, दुसरे काही नाही.

तेवढ्यात ७ जून आला. समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून शहरात बंद पुकारला गेला, जमाव रस्त्यावर आला, दगड चालले, अश्रुधूर सोडला गेला, इंटरनेट बंद झाले. तो दिवस कोल्हापूरकरांना ठाऊक आहे, त्याचे वर्णन इथे नको. आमच्या गल्लीत एकही दगड पडला नाही. कुणी कुणाला वावगे बोलले नाही. फक्त दारे लागली. आधी सकाळी उघडून रात्री लागणारी दारे आता दिवसाही लागलेली राहू लागली. पाणी भरताना माणसे बादलीकडे बघू लागली. काकू दिसल्या की आम्ही 'काय काकू' म्हणायचो, ते 'काय' घशातच राही. १५ जूनला शाळा उघडली, आम्ही पोरांना 'पडोसी' हा शब्द वाक्यात वापरायला दिला. आणि काकूंचा डबा आमच्या फडताळात होता, झाकणावरचे नाव बाहेरच्या बाजूला.

आता तो परत करणे अवघड झाले होते. आधी आळस होता, आता प्रश्न पडला की आम्ही दार वाजवले तर त्या काय समजतील. डबा घेऊन गेलो तर 'बघा, सगळे ठीक आहे ना' असे विचारायला आलो असे वाटेल. नाही गेलो तर 'यांनी डबासुद्धा ठेवून घेतला' असे वाटेल. स्टीलच्या दीड लिटरच्या डब्यावर आम्ही इतका विचार केला, तितका बी.एड.च्या प्रबंधावरही केला नव्हता.

त्या वर्षी बकरी ईद २९ जूनला होती, आणि त्याच दिवशी आषाढी एकादशी. पंढरपुरात आणि राज्यात ठिकठिकाणी मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले, हे वाचकांना आठवत असेल. शरियतनेच कुर्बानीला तीन दिवस दिले आहेत, जिल्हिज्जच्या दहा, अकरा आणि बारा तारखा. तेव्हा एक दिवस थांबण्यात अडचण काहीच नव्हती. आमच्या घरीही तसेच ठरले. एरवी बकरी ईदला काकांचा आणि मुलांचा वाटा भिंतीपलीकडे जातो. काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्या खात नाहीत; पण पोरांसाठी मसाला वाटून देतात. या वर्षी वाटा पाठवायचा की नाही, हे कुणी बोलेना.

एकादशीच्या पहाटे अम्मीने आम्हाला उठवले. तिने फडताळातून डबा काढला होता, घासून पुसला होता आणि त्यात खजूर भरला होता. रमजानात आणलेला, जपून ठेवलेला चांगला खजूर. म्हणाली, "उस कू उपास है. खजूर चलता. वो दिंडी कू जाने के पहले दे को आ."

काकू दर आषाढीला नंदवाळला जातात. कोल्हापूरकरांचे ते प्रतिपंढरपूर. त्यांच्या उपासाला खजूर चालतो आणि आपला रोजा खजुरानेच सुटतो, हे आम्हाला ठाऊक होते. पण दोन ठाऊक गोष्टी एका डब्यात घालायला अम्मी लागली. तिने बी.एड. केलेले नाही. ती सातवीपर्यंत शिकली आहे.

आम्ही दार वाजवले. काकूंनी उघडले. कपाळाला बुक्का, खांद्याला पिशवी. डब्याकडे बघून म्हणाल्या, "किती दिस लावलास रं? मला वाटलं डबा बुडाला."

"चुकलो काकू," आम्ही म्हणालो. "अम्मीनं खजूर दिलाय. उपासाला."

त्यांनी झाकण उघडून बघितले. एक खजूर लगेच तोंडात टाकला. मग जरा वेळ त्या गप्प उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी भाभींना हाक मारणार हुते. दोनदा भिंतीपतूर आले. पर म्हटलं, तुमच्या मनात काय आसंल…"

"काकू, आमच्या मनात तेच होतं."

"मग दोघं बी येडीच की," असे म्हणून त्यांनी डब्यातला निम्मा खजूर पिशवीत ओतला, "दिंडीत वाटते" म्हणाल्या आणि निघाल्या. आम्ही तिथून नमाजेला गेलो. दुसऱ्या दिवशी कुर्बानी झाली. संध्याकाळी काकूंनी भिंतीवरून वाटलेला मसाला दिला, त्या अर्थी काकांचा वाटा पाठवायचा होता. तो गेला.

गोष्ट इथे संपवली असती तर ती गोड झाली असती, पण आमचे साखरेविषयीचे मत वाचकांना ठाऊक आहे. सगळीच दारे उघडली नाहीत. अम्मीच्या बोटांवर आता अकरा घरे आहेत. दोन घरची माणसे फ्लॅट घेऊन उपनगरात गेली, त्यांचे काही नाही. तिसरे घर कोपऱ्यावरचे. त्या घरातल्या मुलाबरोबर आम्ही लहानपणी एका बॅटने खेळलो. २०२४ च्या ईदला आमची वाटी त्यांच्या दारातून परत आली. लहान पोराने आतून निरोप आणला की आम्ही हल्ली बाहेरचं घेत नाही. पोराचा दोष नाही. ते वाक्य पाठ केल्यासारखे म्हणाले आणि वाटीकडे बघत राहिले.

अम्मीने त्यावर मत दिले नाही. २०२५ च्या ईदला तिने ती वाटी भरली, झाकून ठेवली, आणि पाठवली नाही. संध्याकाळी ती आमच्या धाकटीने पिऊन टाकली. आम्ही विचारले, पाठवायची नाही तर भरलीस कशाला? अम्मी म्हणाली, "गिनती में है."

सणाच्या पदार्थांविषयी इतकी मते बाळगून शेवटी आमच्या हाती एवढेच लागले. शेवया किती, साखर किती, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरावे. डबा मात्र वेळेवर परत जावा. तो फडताळात राहिला की जड होत जातो, आणि आम्ही तो सात आठवडे उगीच आळसाने ठेवला होता, हे आम्ही विसरलो नाही. ७ जूनच्या आधी तो परत गेला असता तर काकूंना भिंतीपर्यंत येऊन दोनदा मागे फिरावे लागले नसते.

येत्या रमजान ईदला कोपऱ्यावरच्या घराची वाटी आम्ही स्वतः नेणार आहोत. पोराच्या हाती नाही. दार वाजवू, जुन्या नावाने हाक मारू. घेतली तर ठीक. नाही घेतली तर तिथेच पायरीवर बसून आम्हीच पिऊन टाकू. शिरखुर्मा पातळ असावा असे आम्ही म्हणतो, त्याचा तेवढा तरी उपयोग होईल.